चार वाजेपर्यंत भोंगा बंद

माझ्या सुनेचं बाळंतपण मी जवळजवळ बंद पाडलं होतं, हे आधीच कबूल करून टाकते. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट माझ्याआधी दुसऱ्या कुणी सांगावी हे मला खपत नाही, मग ती माझ्या चुकीची का असेना.

एकतीस वर्षं मी बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेची एवढीशी खोली, समोर माइक, भिंतीवर घड्याळ आणि दिवसभर 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे'. ड्रायव्हर-कंडक्टर मला भोंगा म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे. मग एकदा मीच माइकवरून "भोंग्याच्या खोलीत कुणीतरी चहा पाठवा" असं सांगितलं, तेव्हापासून तोंडावर म्हणायला लागले. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण आवाजाला कुणी निवृत्तीचं पत्र दिलं नाही. मी जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्या बाई घेऊन येतील, असं माझा मुलगा म्हणतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बोलणं बेताचं, घाबरणं मात्र भरपूर.

सून दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यांतून साचे येतात, त्यावर ही बसून एकेक दात बसवते. दिवसभर लोकांची तोंडं भरून काढणारी ही मुलगी स्वतः मात्र तोंड उघडत नाही. "हो", "नको" आणि "बघू" या तीन शब्दांवर तिनं आमच्या घरात चार वर्षं काढली. मला ते सोयीचंच होतं, कारण उरलेले सगळे शब्द माझ्या वाट्याला आले.

तर सातव्या महिन्यात एकदा जेवता जेवता तिनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाळंतपणात आई माझ्याजवळ असाव्यात."

"सांगते की विहीणबाईंना," मी म्हटलं.

"त्या नाही. तुम्ही."

मुलाला ठसका लागला. मलाही लागला असता, पण माझ्या तोंडात घास नव्हता. विहीणबाई माणूस सोन्यासारख्या, पण कांदा न चिरताच त्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. त्या आधीच म्हणाल्या होत्या, "मला नका गं बाई बोलावू, तिच्या आधी मीच आडवी होईन." तेवढं ठीक. पण म्हणून मी? नवऱ्याला सोडून, मैत्रिणींना सोडून, मी? मी तिला सरळ विचारलं, "का गं, मीच का?"

"मग सांगते," सून म्हणाली.

मोठ्या हॉस्पिटलात तिला जायचं नव्हतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक छोटं प्रसूतिगृह आहे. चार खोल्या, एक सुईणबाई, बोलावलं की येणाऱ्या डॉक्टरीणबाई, आणि काही कमीजास्त झालंच तर मोठं हॉस्पिटल गाडीनं दहा मिनिटांवर. "सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत," सून म्हणाली. "मला माझ्या अंगानं बाळंत व्हायचंय. जमत असेल तर जमू द्या. नाही जमलं तर जाऊ हॉस्पिटलात, मी हट्ट नाही करणार. पण आधी जमू द्या." चार वर्षांतलं तिचं हे सगळ्यात लांब भाषण होतं. एवढं बोलते म्हणजे मनापासून हवं असणार, हे माझ्यासारखीलाही कळलं.

एका दुपारी बरोबर चार वाजता तिचं पाणी गेलं. सुईणबाईंनी तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, सगळं ठीक आहे म्हणाल्या. "घरी जा, झोप काढ, कळा नेमानं यायला लागल्या की या. फक्त एक लक्षात ठेवा. पाणी गेल्यावर फार वेळ थांबलं की जंतूंची भीती असते. उद्या चारपर्यंत बाळंतपण मार्गी लागलेलं दिसलं नाही, तर मी गाडी बोलावणार आणि तिकडे सलाइन लावून कळा आणतील. त्या नियमात मी कुणाला सूट देत नाही." सुनेनं मान हलवली. मी मनातल्या मनात फळ्यावर लिहून घेतलं, चार वाजून शून्य मिनिटं.

सकाळी साडेपाचला कळा सुरू झाल्या आणि मी कामाचा ताबा घेतला. वही, पेन, मनगटावर घड्याळ. आता सवय ती सवय. कळ आली की मी वेळ लिहायची आणि तोंडातून आपोआप निघायचं, "कळ क्रमांक नऊ, सहा मिनिटांच्या अंतराने!" बाराव्या कळेला वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "कितवी झाली हो?" मीही खिडकीतून उत्तर दिलं. नऊ वाजता आम्ही प्रसूतिगृहात पोचलो तेव्हा चार-चार मिनिटांवर कळा येत होत्या आणि माझी छाती अभिमानानं फुगली होती. जणू त्या मीच सोडत होते.

खोली छान होती. पलंग, खाली जाड गादी, मोठी खिडकी, एक मऊ खुर्ची. मी पहिल्यांदा दोन्ही दिवे लावले, म्हणजे वहीत नीट लिहिता यावं. मग सुनेला विचारलं, कुठे दुखतंय, कमरेत की ओटीपोटात? दहापैकी किती? पाणी हवं का? उशी उंच करू का? ती बिचारी प्रत्येक प्रश्नाला डोळे उघडून नीट उत्तर देत होती. मधल्या वेळात मी फोनवरून नातेवाइकांना ताजी बातमी देत होते. मुलगा दारात उभा राहून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, आणि त्यानं जागा बदलली की दाराची बिजागरी कुरकुरत होती.

"कळ क्रमांक एकतीस, पाच मिनिटे उशिराने," मी म्हटलं. मग बत्तिसावी बारा मिनिटांनी आली. तेहतिसावी वीस मिनिटांनी, तीही नावापुरती. साडेअकरा वाजले आणि काहीच आलं नाही. सून पलंगाच्या काठावर हात मांडीवर ठेवून बसली होती, कुठल्याशा कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसावं तशी.

"थांबलं," ती म्हणाली. खालचा ओठ जरासा थरथरला. 

सुईणबाई आत आल्या. बाई चांगल्या भरदार अंगाच्या, पण चालताना पावलांचा आवाज नाही. पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकले, ते ठणठणीत होते. सुनेचा ताप बघितला. मग त्यांनी एक दिवा घालवला, दुसरा घालवला, पडदा ओढला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"आजी, बाळंतपण कोण करतं सांगा बरं?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"नाही. मी नुसती बसते. करतं तिचं अंग. अंगात एक रस तयार होतो, ऑक्सिटोसिन म्हणतात. त्यानं गर्भाची पिशवी आवळते, त्यानं कळा येतात. आणि तो रस आहे भारी लाजाळू. झगझगीत उजेड आला, कुणी टक लावून बघितलं, प्रश्न विचारले, वेळ मोजली, की तो पळून जातो. डोकं जागं झालं की अंग थांबतं. आणि भीती वाटली, तर त्याच्या जागी दुसराच रस येतो, अॅड्रेनलिन. रानात हरिणी विताना वाघ दिसला तर तिच्या कळा थांबतात, उठून पळता यावं म्हणून. बाईच्या अंगालाही तेवढंच कळतं. इथे वाघ आहे, आत्ता नको."

"अगं बाई," मी म्हटलं, "पण इथे वाघ कुठे आहे?"

मुलगा छताकडे बघायला लागला. सून चादरीकडे. सुईणबाई मात्र माझ्याकडेच बघत होत्या.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. पहाटेपासून मी पाण्याचा घोट न घेता राबत होते, आणि वाघ मी? पण वहीत बघितलं तर सगळं लिहिलेलं होतं. घरात सहा, मग पाच, मग चार मिनिटं. इथे आल्यावर, दिवे लावल्यावर, प्रश्न विचारल्यावर नऊ, बारा, वीस. माझ्याच अक्षरात माझाच पुरावा. बसस्थानकात एवढ्या गाड्या मी वेळेवर सोडल्या आणि घरची एकुलती एक गाडी मधल्यामध्ये उभी करून ठेवली.

सुईणबाईंनी आधी मुलाला धरलं. "तू चांगला नवरा आहेस, पण तुझ्या चेहऱ्यावरची भीती तिच्या अंगात उतरतेय. बाहेर जा. तेलाची बाटली आहे ना तुझ्याकडे?" लिफ्टवाल्याकडे तेलाची बाटली नाही असं होतच नाही. "मग माझ्या दवाखान्यातली सगळी दारं कुरकुरतात, त्यांना तेल घाल. सावकाश घाल." मुलगा सुटल्यासारखा बाहेर पळाला. हाताला काम मिळालं की तो माणसात येतो.

"आणि आजी, तुम्ही—"

मी पदर सावरून उठले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते विहीणबाईंचं काम आहे, माझं नाही, म्हणून मी ते आत ढकलत होते. तेवढ्यात सुनेनं माझं मनगट धरलं.

"आई राहू देत," ती म्हणाली.

सुईणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "नक्की?"

"हो."

"ठीक आहे. पण शब्द नाही. एकही नाही. 'शाबास' नाही, 'आली' नाही, 'किती वाजले' तर मुळीच नाही. चारपर्यंत अंगाला संधी द्यायची असेल, तर भोंगा बंद." माझं टोपणनाव यांच्यापर्यंत कसं पोचलं, देव जाणे. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून खणात ठेवलं आणि माझ्यापुढे हात केला. मी मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांच्या तळहातावर ठेवलं. तिथे पांढरा पट्टा उमटला होता. एवढ्या वर्षांत ती कातडी उन्हात आलीच नव्हती.

माझ्या पर्समध्ये घशासाठी कायम ज्येष्ठमधाची काडी असते. ती मी काढली आणि बाटलीला बूच लावावं तशी तोंडात घातली.

नंतरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पडद्यातून थोडा पिवळट उजेड येत होता. सुईणबाई कोपऱ्यात बसून कुणाचे तरी फाटके मोजे रफू करत होत्या. सून कुशीवर वळली आणि चक्क झोपली. मी खुर्चीत बसून गप्प. माझ्या डोक्यात मात्र सलग उद्घोषणा चालू होत्या. सुईणबाई तपकिरी मोज्याला काळा दोरा वापरत आहेत. खिडकीचा पडदा एका कडीतून निसटला आहे. आजी बेचैन आहेत, प्रवाशांनी सहकार्य करावे. गप्प बसणं एवढं अंगमेहनतीचं असेल अशी मला कल्पना नव्हती. मधूनच सुईणबाई उठायच्या, ठोके ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि पुन्हा मोज्यांकडे.

मग सुनेचा श्वास बदलला. डोळे मिटलेलेच, पण श्वास लांब झाला, भुवया जवळ आल्या, चादरीवरची बोटं आवळली आणि हळूहळू सुटली. 'आली!' हा शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा राहिला. कोपऱ्यातली सुई हवेत थांबली. मी काडी कचकन चावली आणि शब्द गिळला. सुई पुन्हा चालू लागली.

त्यानंतर दुसरी आली, तिसरी आली. मी मोजल्या नाहीत. म्हणजे मोजल्या, पण वहीत लिहिल्या नाहीत. कळा मोठ्या होत गेल्या तशी सून आमच्यापासून दूर दूर गेली. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा ढिला, केस कपाळाला चिकटलेले. दोन कळांच्या मध्ये ती गुंगीत असल्यासारखी दिसायची. मी घाबरून सुईणबाईंकडे पाहिलं. त्या जवळ आल्या आणि माझ्या कानात पुटपुटल्या, "चांगलं आहे. अंग स्वतःचं गुंगीचं औषध स्वतःच बनवतं. कळ वाढते तसं तेही वाढतं. एंडॉर्फिन. तिला आता तिकडेच राहू द्या, हाका मारून परत आणू नका."

घड्याळ काढून घेतलं तरी वेळ मला सोडत नव्हती. एक वाजता दूर कुठल्याशा कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला. पुढे बऱ्याच वेळानं खिडकीखाली टपालगाडी आली, ती अडीचला येते. मग एकदम रस्ता पोरांच्या आवाजानं भरून गेला आणि मला कळलं, शाळा सुटली. तीन वाजले. एक तास उरला. खोलीत हे फक्त मला आणि सुईणबाईंना ठाऊक होतं आणि मला ते कुणालाही सांगायचं नव्हतं. वेळ माहीत असून न सांगणं, हे मी जन्मात पहिल्यांदाच करत होते.

सून आता गादीवर गुडघ्यांवर होती, हात माझ्या गळ्यात, डोकं माझ्या खांद्यावर. मी खाली बसून तिचा भार घेतला होता. प्रत्येक कळेला ती दात आवळायची. लोकांचे दात घडवणाऱ्या त्या मुलीच्या दातांचा करकर आवाज मला माझ्या कानाशी ऐकू यायचा.

"जबडा सैल सोड," सुईणबाई हळूच म्हणाल्या. "वरचं दार आवळलं की खालचंही आवळतं."

तिला जमत नव्हतं. वर्षानुवर्षं बंद ठेवलेलं तोंड सांगून कसं उघडणार? कळ यायची, दात आवळायचे, आणि मग कळ ओसरायची. सुईणबाईंनी छातीवर उलटं टाचलेलं आपलं घड्याळ उचलून पाहिलं. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं सुनेनं पाहिलं.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "मला घरी जायचंय." आणि मग माझा पदर मुठीत धरून, "आई, किती वाजले?"

एकतीस वर्षं लोकांनी मला हाच प्रश्न विचारला आणि मी एकदाही उत्तर चुकवलं नाही. साडेतीनच्या आसपास वाजले होते. उत्तर जिभेवर तयार होतं. पण मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, तर आतून काहीतरी जागं व्हायला लागलं होतं. सकाळसारखंच. वाघ पुन्हा दाराशी आला होता आणि त्याला आत घ्यायचं की नाही हे माझ्या एका शब्दावर होतं.

मी नुसती नकाराची मान हलवली. काडी थुंकून टाकली. आणि काय करावं ते न सुचून, रोज सकाळी माइक चालू करण्याआधी घसा मोकळा करायला मी जे करायचे तेच केलं. तोंड मिटून, छातीतून, अगदी खालच्या पट्टीत, म्म्म्म. शब्द नव्हता तो. नुसता आवाज. सुईणबाईंनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघत तसाच चालू ठेवला, घालवायचं तर घालवा बाहेर. त्यांनी घालवलं नाही.

पुढची कळ आली तेव्हा माझ्या खांद्यावरून तसाच एक आवाज आला. आधी दातांतून, बारीक. मी आणखी खाली उतरले, ती माझ्या मागे खाली आली. मग तिचे ओठ सुटले. मग जबडा सुटला, मला माझ्या गळ्याशी कळलं तो सुटलेला. म्म्मचा आऽऽ झाला. आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून गाई हंबरतात तशा हंबरत होतो आणि मला कुणाची लाज वाटत नव्हती. किती कळा तशा गेल्या ते सांगता येणार नाही. खरंच नाही मोजल्या.

आणि मग एकदम ती ताठ झाली. डोळे टक्क उघडले. "पाणी," म्हणाली, आणि पेला एका दमात संपवला. इतका वेळ अंगात त्राण नसलेली पोरगी माझे दोन्ही दंड धरून उभी राहिली आणि तिनं तोंड उघडून अशी आरोळी ठोकली की माइकसकट माझी तशी कधी निघाली नसेल. बाहेर तेलाची बाटली पडल्याचा आवाज आला.

"आला तुमचा वाघ," सुईणबाई गादीवर गुडघे टेकत म्हणाल्या. आता त्या हसत होत्या. "भीतीचा रस सकाळी आला तर कळा पळवतो. पण शेवटच्या घटकेला तो बाईच्या बाजूनं येतो. सगळं बळ त्याचं. आता कुणी थांबवून थांबत नाही."

दोन आरोळ्या झाल्या. तिसऱ्या वेळी सुईणबाईंच्या हातांत काहीतरी ओलं, जांभळट, रागावलेलं आलं, आणि पुढच्या क्षणी ते सुनेच्या उघड्या छातीवर होतं. मुलगी. एकदाच ट्यँ केलं आणि गप्प झाली. सून खाली बसली होती, मी तिच्या पाठीशी, आणि ती त्या बाळाकडे बघून हसत होती. मी तिला चार वर्षांत इतकं रुंद हसताना पाहिलं नव्हतं. दात किती सुंदर आहेत पोरीचे.

सुईणबाईंनी दोघींवर गरम पांघरूण टाकलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "अजून संपलं नाही. हा तास सगळ्यात मोलाचा. तोच लाजाळू रस आता सगळ्यात जास्त आलाय. त्यानंच वार सुटेल, त्यानंच पिशवी आवळेल, रक्त थांबेल. उजेड नको, गडबड नको." मी मान डोलवली. आता मला गप्प बसायला कुणी सांगायची गरज नव्हती.

थोड्या वेळानं वार नीट पडली, रक्त बेतात होतं, आणि सुईणबाईंनी मला दाराकडे जायची खूण केली. मी दार उघडलं. कणभरही कुरकुरलं नाही. मुलगा बोळात जमिनीवर बसला होता, हातभर तेल. मला बघून तो ताडकन उठला. मी काहीच बोलले नाही. बोलूच शकत नव्हते, गालांवरून पाणी वाहत होतं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई," तो म्हणाला. "बोल ना. आई, तू गप्प का आहेस? काय झालं? आई, बोल!"

बिचाऱ्यानं जन्मल्यापासून मला गप्प पाहिलं नव्हतं. मी गप्प म्हणजे जग बुडालं, दुसरा अर्थ त्याच्याकडे नव्हताच. मी घाईघाईनं बत्तिशी दाखवली, तर तो आणखीच घाबरला. शेवटी त्याचा तेलकट हात धरला आणि ओढत आत नेलं. त्यानं दोघींना पाहिलं आणि तिथेच गादीजवळ फतकल मारली. मग तोही रडला. विहीणबाई आल्या असत्या तर त्यांना रडायला जागाच उरली नसती.

सुईणबाई नोंदवहीत लिहीत होत्या. "तीन वाजून बावन्न मिनिटं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात बाळानं चुळबुळ सुरू केली. आधी कुरकुर, मग तोंड वाकडं, मग रडणं. सुनेनं छातीशी घेतलं, तोंड लागेना. मुलानं बोट पुढे केलं, सुईणबाईंनी त्याच्या तेलाकडे बघून ते मागे सारलं. रडणं वाढलं.

"आई," सून म्हणाली, "आता बोला."

मी सुईणबाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

"तुम्ही विचारलं होतं ना, मीच का," सून म्हणाली. तिचा आवाज आरोळ्यांनी बसला होता. "मी कॉलेजात होते तेव्हा दोन वर्षं रोज तुमच्या बसस्थानकावर थांबायचे. तुम्हाला बघितलं पण नव्हतं. बाकीचे सारखे घड्याळ बघायचे, रस्त्याकडे धावायचे. मी बाकावर डोळे मिटून बसायचे. मला ठाऊक असायचं, गाडी आली की तुम्ही सांगाल. आजही तसंच वाटलं. तुम्ही खोलीत असलात की मला घड्याळ बघावं लागत नाही."

"अगं, पण आज मी काही सांगितलं कुठे?" मी म्हटलं. चार तासांतले माझे पहिले शब्द. घोगरे निघाले.

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही गप्प, म्हणजे अजून वेळ आहे."

मी माझ्या नातीजवळ वाकले. ती लालबुंद होऊन रडत होती. नऊ महिने मी तिच्या भिंतीपलीकडे अखंड बोलत होते, मीठ मागत होते, भाजीवाल्याशी भांडत होते, फोनवर हसत होते, आणि तिचं तिकडे काय होत असेल याचा मी कधी विचारही केला नव्हता. मी घसा साफ केला आणि आयुष्यातल्या सगळ्यात हळू आवाजात म्हटलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

ती थांबली. रडणं अर्ध्यावर सोडून थांबली. डोकं हलवलं, एक डोळा उघडला आणि तो सगळा सुजलेला चेहरा माझ्याकडे वळवला. कोण बोलतंय ते तिला माहीत होतं. त्या खोलीत आईनंतर ती ज्याला ओळखत होती असं ते एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

"आपली गाडी," मी म्हटलं, "आपली गाडी आठ मिनिटे आधी आलेली आहे."

लवकर आलेल्या गाडीची घोषणा करायची वेळ एकतीस वर्षांत माझ्यावर आली नव्हती. नातीनं जांभई दिली, आईच्या छातीवर तोंड घासलं आणि दूध शोधून काढलं. सुईणबाईंनी खणातून माझं घड्याळ काढून पुढे केलं. मी ते घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.